तांबडा दिवा कुठल्या काळातला? जुन्या ट्रॅक्टर-जीपच्या डॅशबोर्डाचा इतिहास



आजची नोंद पिकावर नाही, पिकापर्यंत आपल्याला नेणाऱ्या जुन्या गाड्यांवर आहे. खंडाळा, लोणंद, शिरवळ भागात वीस-तीस-चाळीस वर्षांचे ट्रॅक्टर आणि जीपगाड्या अजून रोज कामाला आहेत. इंजिन दणकट, गिअर दणकट. बोंब असते ती डॅशबोर्डावरच्या तांबड्या दिव्याची.

दिवा पेटला की आपल्याकडं दोनच गोष्टी होतात. एक, गडी त्याच्याकडं बघायचंच सोडून देतो. "तो कायमच पेटतो, चालतंय." दोन, आधी बॅटरी बदलली जाते, मग आल्टरनेटर, आणि खर्च झाल्यावर कळतं की चासीला जाणारी अर्थची पट्टी गंजली होती. दोन्हीचं मूळ एकच. हा दिवा कशासाठी आला, कधी आला आणि त्याच्या मागं काय जोडलंय, हे ठाऊक नसतं.

माझं सांगणं एवढंच: जुन्या गाडीचा दिवा तपासायच्या आधी गाडी कुठल्या काळातली आहे ते ओळखा. चार काळ आहेत आणि चारींची तपासणी वेगळी आहे. एका काळाची रीत दुसऱ्या काळाच्या गाडीला लावली की नुकसान होतं.

पहिला काळ: काट्याचा

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या डॅशबोर्डावर इशाऱ्याचे दिवे नव्हते, काटे होते. वेगाचा, पेट्रोलच्या टाकीचा, पाण्याच्या तापमानाचा, तेलाच्या दाबाचा आणि पाचवा अँपियर मीटरचा. वीज सहा व्होल्टची. ह्याच जीपची जुळणी महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला सुरू केली. तिथून ती पोलीस, सरकारी खाती, कारखाने करत करत आपल्या गावापर्यंत आली.

अँपियर मीटर वाचायला सोपा. मध्ये शून्य, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. गाडी चालू केली की काटा अधिककडं उडी मारतो, कारण सेल्फनं खाल्लेली वीज बॅटरीत परत भरत असते. बॅटरी भरत आली की काटा हळूहळू शून्याजवळ येऊन बसतो. इंजिन मंद आणि हेडलाइट चालू असले की थोडा उणेकडं झुकतो. जुने ड्रायव्हर ह्या काट्यावरून बॅटरीची नाडी ओळखायचे. किती येतंय आणि किती जातंय, दोन्ही दिसायचं.

वीज बनवायला तेव्हा डायनामा होता. लांबट नळकांडं, आत कार्बन आणि कम्युटेटर. ट्रॅक्टरवरचा डायनामा साधारण वीस-बावीस अँपियरपर्यंत द्यायचा आणि तेही इंजिन फिरतं असताना. मंद इंजिनावर त्याच्याकडून फारसं काही मिळत नव्हतं. शेजारी एक डबी असायची, तिच्यात कटाऊट आणि रेग्युलेटर. डायनामा मंद झाला की बॅटरीची वीज उलटी त्याच्यात जाऊ नये म्हणून कटाऊट वाट तोडायचा. पाटाला उलटं पाणी येऊ नये म्हणून झडप लावतो, तसंच.

ह्या काळाची अडचण एकच. गाडीच्या भरण्याची आणि खर्चाची सगळी वीज अँपियर मीटरमधून जायची. म्हणजे जाड तार बॅटरीकडून डॅशबोर्डापर्यंत आणि तिथून परत. मीटरच्या मागचा नट ढिला झाला की तिथं गरम व्हायचं आणि तार जळायची. म्हणून काट्याच्या गाडीत पहिली तपासणी मीटरच्या मागं. नट घट्ट आहेत का, तारेचं कव्हर कडक किंवा काळं झालंय का. हे बॅटरी सोडून करायचं, कारण त्या तारेला बहुतेक वेळा फ्यूज नसतो.

दुसरा काळ: दिवा आला, डायनामा तोच

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या हडसन कंपनीनं काट्यांच्या जागी दिवे लावले, डायनामाला एक आणि तेलाला एक. कारण सरळ होतं. दिवा स्वस्त, जागा कमी आणि न शिकलेल्यालाही समजतो. इंग्रजीत त्याला चक्क 'इडियट लाइट' असं नाव पडलं, म्हणजे अडाण्याचा दिवा. पण हा दिवा अडाणी नाही. त्याची जोडणी फार हुशारीची आहे.

दोन हौद शेजारी आहेत आणि मध्ये एक पाइप आहे असं धरा. दोन्हींत पाण्याची पातळी सारखी असेल तर पाइपातून पाणी वाहत नाही. एकात जास्त, एकात कमी असेल तर वाहतं. चार्जिंगचा दिवा म्हणजे तो मधला पाइप. त्याच्या एका टोकाला चावीतून आलेली बॅटरीची वीज, दुसऱ्या टोकाला डायनामा. इंजिन बंद, डायनामा रिकामा; दिव्यातून वीज वाहते, दिवा पेटतो. इंजिन चालू झालं, डायनामानं बॅटरीइतके व्होल्ट केले. वाहणं थांबलं, दिवा विझला.

म्हणजे दिवा "बिघाड" दाखवत नाही. तो दोन टोकांतला फरक दाखवतो. ही गोष्ट डोक्यात बसली की अर्धी तपासणी झाली. फरक पडायला बॅटरीची बाजूही कारण असू शकते, डायनामाची बाजूही आणि मधली तारही. सरसकट डायनामा काढून दुकानात नेण्यात अर्थ नाही.

आपल्याकडं ट्रॅक्टर वाढला तो १९६० नंतर. टॅफे १९६० साली निघाली. १९६३ साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया निघाली, तिच्यात महिंद्रांबरोबर इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास होते. तिचा बी-२७५ मुंबईत कांदिवलीला बनू लागला. पिंजोरचा एचएमटी १९७१ चा, चेक झेटरच्या मदतीचा. स्वराज ७२४ हा १९७४ चा. सेल्फ आणि डायनामा बनवणारी लुकास-टीव्हीएस मद्रासजवळ पाडीला १९६१ साली सुरू झाली. त्यामुळं हे भाग देशातच मिळू लागले आणि तालुक्याच्या गावी ऑटो इलेक्ट्रिशियन नावाचा माणूस दिसू लागला.

ह्या काळाची एक खोच ध्यानात ठेवा. इंग्लंडच्या घडणीच्या बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत बॅटरीचं अधिक टोक चासीला असायचं, म्हणजे पॉझिटिव्ह अर्थ. नंतर सगळीकडं उणे टोक चासीला आलं. जुना ट्रॅक्टर विकत घेताना कुठलं टोक बॉडीला आहे हे आधी बघा. रंगावर विश्वास ठेवू नका, बॅटरीवरची अधिक-उणे खूण बघा.

तिसरा काळ: आल्टरनेटर, आणि इथंच खरा घोळ

१९६० साली अमेरिकेत क्रायसलरनं व्हॅलियंट गाडीत डायनामाच्या जागी आल्टरनेटर बसवला. सिलिकॉनचे डायोड तोवर स्वस्त आणि टिकाऊ झाले होते. आल्टरनेटर मंद इंजिनावरही वीज देतो, वजनाला हलका आणि कटाऊटची गरज नाही. उलटी वाट डायोडच अडवतो. आपल्या ट्रॅक्टर-जीपवर तो टप्प्याटप्प्यानं आला. ओळखायचा कसा? डायनामा लांबट आणि बंद नळकांडं, आल्टरनेटर आखूड, जाडजूड आणि खाचांतून तांब्याची गुंडाळी दिसते.

दिवा तोच राहिला, पण त्याचं काम बदललं, आणि हे बऱ्याच जणांना ठाऊक नाही. डायनामाच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं. त्याच्यावर तो आपोआप उठतो. दिवा नसला तरी त्याचं अडत नाही. आल्टरनेटरला मात्र सुरुवातीला थोडी वीज बाहेरून लागते आणि ती ह्याच दिव्यातून जाते. दुधाला विरजण लागतं तसं. विरजण नाही तर दही नाही. म्हणजे बहुतेक जुन्या आल्टरनेटरच्या गाड्यांत दिव्याचा बल्ब गेला तर आल्टरनेटर चांगला असूनही चार्जिंग होत नाही, किंवा इंजिन बरंच रेस केल्यावर कुठं चालू होतं.

आता हल्ली डॅशबोर्डात साध्या बल्बच्या जागी एलईडी टाकायची हौस आली आहे. एलईडीतून वीज फार थोडी जाते. विरजण कमी पडतं आणि सकाळी बॅटरी बसलेली सापडते. चार्जिंगच्या दिव्याला मूळचा साधा बल्बच ठेवा. किंमत किरकोळ असते.

दुसरा घोळ जुन्या सवयीचा. डायनामाच्या काळात मिस्त्री चालू इंजिनावर बॅटरीचं टर्मिनल काढून बघायचे, "इंजिन चालू राहिलं म्हणजे डायनामा ठीक." तेव्हा ते खपून जायचं. आल्टरनेटरच्या गाडीत हे करू नका. बॅटरी सुटली की व्होल्ट एकदम उसळतात आणि डायोड नाहीतर रेग्युलेटर जळतो. बॅटरी उलटी जोडली तरी डायोड जातात. चांगला आल्टरनेटर तपासणीतच मरतो आणि मग म्हणायचं, बघा, खराबच होता.

तिसरा घोळ, मिश्र काळाच्या गाड्या. जुन्या ट्रॅक्टरचा डायनामा काढून आल्टरनेटर बसवलेला असतो, पण डॅशबोर्डावर जुना अँपियर मीटर आणि जुनीच तार. वीस-बावीस अँपियरच्या जागी आता पस्तीस-चाळीस जाऊ शकतात. तार आणि मीटर तापतात. असं बदलून घेतलं असेल तर आल्टरनेटरची मुख्य जाड तार सरळ बॅटरीकडं घ्या, मध्ये योग्य फ्यूज टाका आणि काट्याच्या जागी व्होल्ट मीटर व एक बल्ब बसवा.

तपासणी, क्रमानं

हे दिवा आणि आल्टरनेटर असलेल्या जुन्या गाडीसाठी आहे. लागतं काय? साधा मल्टिमीटर आणि दोन तारांचा बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प.

१. चावी लावा, इंजिन सुरू करू नका. चार्जिंगचा आणि तेलाचा, दोन्ही तांबडे दिवे पेटलेच पाहिजेत. न पेटणारा दिवा पेटणाऱ्यापेक्षा घातकी. तो मुका राखणदार आहे.

२. चार्जिंगचा दिवा पेटत नाही? इंजिन बंद ठेवून आल्टरनेटरची बारीक तार काढा (तिथं डी-प्लस, एल किंवा आयएनडी अशी खूण असते) आणि चावी चालू करून ती बॉडीला टेकवा. दिवा पेटला तर बल्ब आणि तार ठीक, आल्टरनेटरचे कार्बन किंवा रोटर बघा. नाही पेटला तर बल्ब, फ्यूज किंवा तार. जाड तारेला मात्र हे करू नका, तिच्यावर कायम बॅटरीची वीज असते.

३. इंजिन चालू असताना दिवा पेटलेलाच? इंजिन बंद करून आधी पट्टा बघा. तुटला, ढिला, तेलकट? पट्टा ठीक असेल तर बारीक तार काढून चावी चालू करा. दिवा तरीही पेटला तर ती तार कुठंतरी घासून बॉडीला लागली आहे. विझला तर दोष आल्टरनेटरकडं.

४. मीटर बॅटरीला लावा. रात्रभर उभ्या गाडीत भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन मध्यम रेसवर १३.८ ते १४.४ असावं. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेला. बॅटरीचं पाणी उकळून कमी होत असेल तर तेही ह्याचंच लक्षण. अशा वेळी दिवा काही बोलत नाही.

५. दिवा मंद पेटतो, रात्री तेवढा दिसतो? हा दोन टोकांतला थोडा फरक. जाड तारेचा जोड गंजला असेल किंवा एखादा डायोड गेला असेल. इंजिन चालू, हेडलाइट चालू ठेवून मीटरचं एक टोक आल्टरनेटरच्या जाड बोल्टाला, दुसरं बॅटरीच्या अधिक टोकाला लावा. पाव-अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर वाटेत अडथळा आहे. तसंच आल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचं उणे टोक, इथंही फार तर दोन दशांश.

६. इंडिकेटर दिला की दुसरेच दिवे मिचमिचतात? ही अर्थची खराबी. डॅशबोर्डाचा अर्थ आणि इंजिन ते चासी पट्टी काढून घासून, व्हॅसलीन लावून घट्ट करा. उसाच्या ट्रॉलीचा अर्थ बऱ्याच ठिकाणी फक्त हुकातून गेलेला असतो. धूळ-गंजानं तो तुटतो-जुळतो. ट्रॉलीला वेगळी अर्थची तार टाका. रात्री महामार्गावर मागचा दिवा बंद असलेली ट्रॉली म्हणजे जिवाशी खेळ.

तेलाचा दिवा

काट्याच्या काळात इंजिनातून बारीक नळी डॅशबोर्डापर्यंत यायची आणि दाब किती किलो ते दिसायचं. दिव्याच्या काळात इंजिनावर एक लहान स्विच आला. दाब नसला की तो दिव्याची तार बॉडीला जोडतो, दाब आला की सोडतो. बहुतेक स्विच साधारण अर्ध्या किलोच्या खालीच पेटवतात. म्हणजे दिवा विझलेला आहे ह्याचा अर्थ दाब चांगला आहे असा नाही, अगदी गेलेला नाही एवढाच. आणि चालत्या इंजिनावर तो पेटला तर विचार करत बसायचं नाही, तिथंच इंजिन बंद. मग पट्टीनं तेल बघा. तेल ठीक असेल तर स्विचची तार काढा. तार काढूनही दिवा पेटला तर तार घासली आहे. विझला तर लगेच स्विचला दोष देऊ नका. स्विच काढून तिथं दाबाचा काटा लावून खात्री करा, मगच इंजिन कामाला लावा. एका स्विचच्या किमतीत इंजिन वाचतं.

खंबाटकी आणि बॅटरीचा दिवा

आता ज्याच्यासाठी एवढं लिहिलं ती गोष्ट. बऱ्याच जुन्या डिझेल जीपगाड्यांत ब्रेकला बूस्टर असतो आणि बूस्टरला लागणारा व्हॅक्युम पंप आल्टरनेटरच्याच पाठीमागं, त्याच शाफ्टवर बसवलेला असतो. पाण्याचा पंपही बहुतेक वेळा त्याच पट्ट्यावर. म्हणजे पट्टा तुटला की तीन गोष्टी एकदम जातात: चार्जिंग, पाण्याचं फिरणं आणि ब्रेकची मदत. डॅशबोर्डावर मात्र आधी पेटतो तो फक्त बॅटरीचा दिवा.

पुण्याहून साताऱ्याकडं जाताना खंडाळ्यापासून खंबाटकी चढायचा आणि मग वेळे-सुरूरकडं उतरायचा. चढावर इंजिन तापलेलं, पट्ट्यावर ताण जास्त. तिथं पट्टा गेला, दिवा पेटला आणि ड्रायव्हर म्हणाला, "बॅटरीचा आहे, भुईंजला बघू," तर उतारावर ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर बूस्टरमधला उरलेला व्हॅक्युम संपतो. पॅडल दगडासारखं होतं. ब्रेक गेलेला नसतो, पण पायाला कितीतरी पट जोर लावावा लागतो, आणि माणूस घाबरून जातो.

म्हणून अशा गाडीत घाटात बॅटरीचा दिवा पेटला की बाजूला सुरक्षित जागा बघून थांबा, चाकाला दगड लावा, बॉनेट उघडून पट्टा बघा. चालत्या उतारावर असाल तर खालच्या गिअरात या, इंजिन बंद करू नका, ब्रेक फडफड न दाबता एकदाच दाबून धरा. गाडीत एक जादा पट्टा आणि पाना ठेवा. तुमच्या गाडीचा पंप कुठं बसलाय ते आजच बॉनेट उघडून बघून ठेवा. आल्टरनेटरच्या पाठीमागून जाड रबरी नळी ब्रेककडं गेलेली दिसली तर समजा.

चौथा काळ: कॉम्प्युटरचा

अमेरिकेत १९९६ पासून गाड्यांना एकसारखं तपासणीचं सॉकेट सक्तीचं झालं. आपल्याकडं १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-सहा झाल्या. ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-चार लागू झालं. ह्या गाड्यांत दिवा थेट तारेनं पेटत नाही, कॉम्प्युटर पेटवतो, आणि खरं कारण कोड म्हणून आत लिहून ठेवतो. इथं टेस्ट लॅम्प तारांना टोचत फिरू नका, बारीक तार बॉडीला टेकवायची वरची रीतही इथं चालत नाही. स्कॅनर लावून कोड वाचून घ्या, आणि दुकानदाराकडून कोडचा नंबर लिहून मागा. नंबर आपल्याकडं असला तर दुसरीकडंही विचारता येतं.

पण चौथ्या काळातही पहिली तपासणी तीच: बॅटरीचे व्होल्ट, टर्मिनल आणि अर्थ. वीज कमी पडली की कॉम्प्युटरही भलतेसलते कोड देतो.

काट्यानं किती ते सांगितलं, दिव्यानं आहे-नाही एवढंच सांगितलं, आता कॉम्प्युटर सांगतो पण त्याच्या भाषेत. प्रत्येक पायरीला गाडी सोपी झाली आणि मालकाला कमी दिसू लागलं. ते दिसणं परत मिळवायला महाग काही लागत नाही. जुन्या ट्रॅक्टरला एक व्होल्ट मीटर आणि एक तेलाच्या दाबाचा काटा बसवून घ्या. गळिताचा हंगाम सुरू व्हायच्या आत एवढं काम उरकलं तर बरं.

आपापल्या गाडीचं वर्ष, काटा आहे की दिवा, डायनामा आहे की आल्टरनेटर, एवढं डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मिस्त्रीकडं जाताना ते पान बरोबर न्या.